कारणाचा रकाना

४ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच चिंध्यांच्या टोपलीत टाकलं नसशील, असं धरून चालते. चार वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामापुरतं. दादाला फोनवर विचारता आलं असतं, पण दादा "बघतो" म्हणतो आणि मग उकाड्याबद्दल बोलतो. महिन्यातून दोनदा त्याचा फोन येतो. तुझा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. आईशी बोलून झालं की दोघंही सुटल्यासारखं करतो.

विचारायचं एवढंच आहे. आई तुमच्याकडे होती तेव्हा झोपताना एक लहान पिवळी गोळी घ्यायची. ती गोळी कशासाठी होती?

आता म्हणशील, एवढ्या वर्षांनी हिला हे कुठून सुचलं. माझं काम काय आहे ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. "औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असते" एवढ्यावर आपण भागवलं. ऐक तर. नवीन औषध बाजारात यायच्या आधी काही हजार माणसांना देऊन पाहतात. पण ही माणसं आपापली जुनी औषधंही घेत असतात, कोणी रक्तदाबाची, कोणी सर्दीची. चाचणीच्या केंद्रावरची नर्स ती सगळी ऐकेल तशी लिहून पाठवते. एकीने लिहिलं होतं, "पांढरी, अर्धी, सकाळची." त्या प्रत्येक औषधाला एका ठरलेल्या वर्गात बसवायचं, हे माझं काम. वर्गांची नावं ठरलेली आहेत, जाडजूड यादी आहे. सगळं काम शेवटी सरकारी खात्याकडे जातं आणि त्यांचा प्रोग्राम यादीबाहेरचा शब्द एका अक्षरानेही खपवून घेत नाही. मनाने एखादा शब्द घातला की फाइल परत.

गंमत अशी की एकच औषध दोन-तीन वर्गांत असू शकतं. तीच गोळी कोणी डोकं दुखतं म्हणून घेतं, कोणी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतं. मग तिला कुठल्या वर्गात टाकायची ते ओळीतला शेवटचा रकाना ठरवतो: का घेतली. तो रकाना रिकामा असेल तर अंदाज करायला बंदी आहे. केंद्राला लिहून विचारायचं. त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. क्वेरीत एकच प्रश्न असतो, सौम्य शब्दांत, कोणावर आरोप न करता.

तर ही क्वेरी समज. कृपया कारण कळवावे.

आई बरी आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असते. तिला अलीकडे, म्हणजे गेली तीन-चार वर्षं, त्या नारंगी गोड गोळ्यांची चटक लागली आहे, घशासाठी चघळतात त्या. मी सहाला ऑफिसातून येते तेव्हा गालात एक असतेच. मी काही विचारलं की नुसती मान हलवते. एकोणऐंशीव्या वर्षी हे लाड! महिन्याला डबी संपते. कधी कधी मी ती मुद्दाम लपवून ठेवते आणि मग तिची शोधाशोध बघत बसते.

तुझी,
वन्सं


१९ फेब्रुवारी

वहिनी,

आमच्याकडे क्वेरीला पंधरा दिवसांची मुदत देतात आणि मग आठवण पाठवतात. ही आठवण.

पण मागच्या पत्रात एक लबाडी झाली. मी तुझ्याकडे कारण मागितलं आणि मी का विचारतेय ते सांगितलंच नाही. ते आता सांगते.

सध्या आमच्याकडे गुडघेदुखीच्या एका औषधाचं काम आहे. मार्चअखेर सगळं खात्याकडे जायचंय, त्यामुळे सगळ्यांच्या माना मोडल्यात. या चाचणीत नैराश्यावर उपचार चालू असलेल्या माणसांना घ्यायचं नाही, असा नियम आहे. जानेवारीत एक ओळ माझ्यासमोर आली. बाई, वय चौऱ्याहत्तर, झोपताना एक पिवळी गोळी. आईची होती तीच. या गोळीला आमच्या यादीत दोन-तीन वर्ग नाहीत, एकच आहे: नैराश्यावरची औषधं. कोणी काहीही कारणाने घेवो, ती तिथेच बसते. मी बसवली, प्रोग्रामने हिरवी खूण दिली. इथवर काही चुकलं नाही.

मग मी पुढचा शहाणपणा केला. केंद्राला लिहिलं, की ही बाई नैराश्याचं औषध घेते आणि तिच्या आजारांच्या नोंदीत नैराश्य नाही. तरी आजार नोंदवावा आणि ती या चाचणीत बसते का ते तपासावं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या नर्सचं एका ओळीचं उत्तर आलं. "कारणाचा रकाना वाचावा."

वहिनी, तो रकाना होता. माझ्या स्क्रीनवर ओळ पूर्ण मावत नाही, शेवट बघायला उजवीकडे सरकवावं लागतं. सरकवलं. तिथे लिहिलं होतं, "नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली आग."

माझ्या शेजारी एकजण बसतो, त्याला आम्ही टिपकागद म्हणतो. दुसऱ्याची चूक तो आवाज न करता टिपतो आणि तिचा डाग कायम ठेवतो. त्याने वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, तुम्हीच शिकवलंय की आम्हाला. आधी उजवीकडे सरकवा, मग बोला." मी म्हटलं, "वय झालं रे," आणि चहाच्या मशीनकडे गेले. कप भरून वाहायला लागला तरी बटणावरचं बोट मी काढलं नव्हतं. हात चांगलाच पोळला.

कारण मला आठवलं होतं. आईला मी घेऊन आले त्याच्या आदल्या वर्षी तिला नागीण झाली होती. तू फोन केला होतास. मी तेव्हाही कुठल्यातरी फाइलीच्या घाईत होते आणि म्हणाले होते, "नागीण ना, ती आपोआप जाते."

त्यानंतरचं तू विसरली नसशील. पण मी ते कधी लिहून पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मी आले ते न कळवता आले. आईच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. आई कोपऱ्यात, अंगातला सदरा उलटा, शिवणी बाहेर. मी तिचा औषधांचा डबा उलथापालथा केला आणि ते नाव वाचलं. हजारदा मीच त्या नावाला वर्ग दिलेला, मला कोणी काय सांगायचं? तू शिलाई मशीनशी बसली होतीस. दारात उभी राहून मी म्हणाले, "तुझ्या घरात माझ्या आईला नैराश्य आलंय. कपडे सुलटे घालायचं भान राहिलं नाही तिला आणि तुला ते दिसतही नाही." हातातली कात्री तू खाली ठेवलीस. म्हणालीस, "वन्संबाई, एकदा विचारा तरी."

मी म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" आणि दोन दिवसांत आईला घेऊन आले. दादा गाडीत सामान ठेवत होता आणि कोणाकडेच बघत नव्हता.

तर आता मला कारण बहुतेक माहीत आहे. पण बहुतेक हा शब्द आमच्या कुठल्याच यादीत नाही. तूच सांग.

वन्सं


३ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, शिसपेन्सिलीने. मी ते इतक्यांदा वाचलंय की इथे न बघता उतरवते:

"कारण: नागीण. डावी बाजू, पाठीपासून छातीखालपर्यंत. फोड गेले, आग राहिली. गोळी डॉक्टरांनी त्या आगीसाठी दिली होती. शिवण आतून घासते म्हणून सदरे मीच उलटे घालायला लावले. वाऱ्याची झुळूक लागली तरी जळायचं म्हणून पडदे. आणखी काही क्वेरी?"

शेवटच्या तीन शब्दांवर मला हसू फुटलं. मग उरलेला दिवस काही सुचेना.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. ती गोळी मी बंद करवली. आई आली त्याच आठवड्यात तिला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "ही कशासाठी सुरू केली होती?" आणि मी ठोकून दिलं, "नैराश्यासाठी. आता ती माझ्याकडे आहे, आता गरज नाही." आई शेजारीच बसली होती. त्यांनी महिनाभरात कमी करत करत गोळी थांबवली. सदरे मी सुलटे करून इस्त्री केले. पडदे काढले. आईला भर खिडकीत वाऱ्यावर बसवलं आणि ज्याला त्याला फोन करून सांगितलं, की बघा, महिन्यात गोळी सुटली, जागा बदलली की माणूस कसं फुलतं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी आईसमोर स्टूल ओढून बसले. तिच्या गालात गोळी होती.

"आई, डाव्या बाजूला दुखतं का गं?"

तिने तोंडातली गोळी काढून बशीत ठेवली.

"आता काय त्याचं?"

"दुखतं का, ते सांग."

"दुखत नाही. जळतं."

"कधीपासून?"

"गेलं कुठे होतं?"

"चार वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"पहिल्या महिन्यात सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू सगळ्यांना फोन करत होतीस, आईची गोळी सुटली, आईची गोळी सुटली. इतकी खूश मी तुला कधी बघितली नव्हती. म्हटलं, राहू दे."

"अगं पण म्हणून काय..."

"आणि तुला सांगायचं म्हणजे तू चुकलीस हे आधी सांगायला हवं होतं. ते कोणी सांगायचं?" एवढं बोलून तिने बशीतली गोळी उचलून पुन्हा तोंडात टाकली.

शनिवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुनं पान काढलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, "नैराश्य, मुलीच्या सांगण्यावरून." आईची पाठ तपासली, बोटाच्या टोकाने नुसतं टेकवलं तर ती आक्रसली. डॉक्टर म्हणाले, "हे मी तेव्हाच बघायला हवं होतं." चांगला माणूस आहे, दोष वाटून घ्यायला निघाला. मी त्यांना घेऊ दिला नाही. गोळी पुन्हा सुरू केली आहे, या वयात जपून, अगदी कमी मात्रेपासून. चार वर्षं गेल्यावर कितपत उतार पडेल ते सांगता येत नाही, असंही म्हणाले.

मला लाज वाटते, वहिनी. दुसऱ्या कुठल्या शब्दात घालून हे लिहिता येत नाही. तुझी माफी मागते. ती तू लगेच द्यावीस असं म्हणत नाही, मी मागितली आहे एवढी नोंद असू दे.

वन्सं


२२ मार्च

वहिनी,

गुडघ्यांची फाइल काल गेली. खात्याच्या प्रोग्रामने एकही शब्द परत केला नाही. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई चाचणीत राहिल्या, नागिणीच्या आगीसकट. टिपकागदाने सगळ्यांना केक दिला आणि माझ्या तुकड्यावर चॉकलेटने उजवीकडे जाणारा बाण काढला. मी तो बाण आधी खाल्ला.

आमच्याकडे चुकीची नोंद पुसता येत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. जुनी नोंद तशीच दिसत राहते, तिच्यावर फक्त एक रेघ येते. शेजारी नवी नोंद, कोणी बदलली, कुठल्या तारखेला, आणि बदलाचं कारण. या शेवटच्या चौकटीत बहुतेक लोक "टंकनदोष" लिहून मोकळे होतात. एकोणीस वर्षांत मी इतके टंकनदोष बघितले, की वाटावं या देशात कोणाला टाइप करता येत नाही. खरं कारण लिहायचं म्हणजे "नीट वाचलं नाही" असं लिहावं लागतं, आणि ते कोणाच्या हातून उतरत नाही.

मामाच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर मी जे बोलले होते ते तुझ्या कानावर आलंच असणार. तू आली नव्हतीस, आणि तू का आली नाहीस याचंही कारण मीच सगळ्यांना पुरवलं. त्या टेबलावर सात जण होते. मी आठवून आठवून यादी केली आणि सातही जणांना पत्र धाडलं. त्यातला मजकूर हा:

"चार वर्षांपूर्वी लग्नाच्या जेवणात मी सांगितलं होतं, की वहिनीच्या घरी दुर्लक्ष झाल्यामुळे आईला नैराश्य आलं. ते चूक आहे. बरोबर असं: आईला नागीण झाली होती, आग मागे राहिली होती आणि वहिनी तिची नीट काळजी घेत होती. आईची गोळी माझ्याकडे येऊन सुटली असंही मी सांगितलं होतं. ती मी बंद करवली आणि त्यामुळे आईने चार वर्षं दुखणं सोसलं. बदलाचं कारण: मी न विचारता ठरवलं."

मामाचा फोन आला. "असू दे गं, कोण लक्षात ठेवतंय," म्हणाला, आणि मग मी त्या दिवशी काय काय बोलले ते त्याने मलाच शब्दन्‌शब्द ऐकवलं. सूप गार होतं इथपर्यंत. चुलतभावाने अंगठ्याचं चित्र पाठवलं, त्यातून काय घ्यायचं ते त्यालाच ठाऊक. मावशीचं मात्र ऐकण्यासारखं आहे.

"मला माहीत होतं नागिणीचं," मावशी म्हणाली. "तुझ्या वहिनीने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग त्या दिवशी टेबलावर गप्प का बसलीस?"

"तू विचारत कुठे होतीस? तू सांगत होतीस."

मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन दोन बटाटे सोलले. एकच लागणार होता.

आईला थोडा उतार आहे. सलग चार-पाच तास झोप लागते. पडदे पुन्हा लावले. सदऱ्यांचं मात्र जमत नाही. तू शिवलेले मी इस्त्र्या करकरून जुने झाल्यावर देऊन टाकले होते. दुकानातले उलटे घातले तरी त्यांचं लेबल नेमकं डाव्या कुशीत टोचतं, आणि ते कापलं तर कापलेली कड टोचते. मग मी स्वतः एक शिवायला घेतला. हसू नकोस. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरावर संपली आणि सदऱ्याचा गळा नीट बसायला आईला डोकं तिरकं धरावं लागत होतं. तिने तो तासभर घातला, माझं मन राखायला. मग म्हणाली, "कापड छान आहे."

आता जे गाळलं होतं ते. ज्या संध्याकाळी मी तिला विचारलं, त्या संध्याकाळी गोळी परत तोंडात टाकण्याआधी ती आणखी एक वाक्य बोलली होती. "मला तिच्याकडे सोडतेस का?"

मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. मी "बघू" म्हटलं, अगदी दादासारखं. खरं सांगायचं तर मला तिला सोडायचं नाही. चार वर्षं मी जगाला सांगितलं, की आई माझ्याकडे सुखात आहे. जगाचं सोड, मलाही ते खरंच वाटत होतं. ती गेली की सहा वाजता दार उघडल्यावर समोर कोणी नसेल. म्हणून मी ते वाक्य तीन आठवड्यांहून जास्त दाबून ठेवलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही. न विचारण्यात आणि न सांगण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

तर आता मी विचारते. तू आईला परत घेशील का? नाही म्हणालीस तर ते मला समजेल, आणि आईला काय सांगायचं ते मी बघेन, पण खोटं सांगणार नाही. एकच प्रश्न आहे. कृपया कळवावे.

वन्सं


९ एप्रिल

वहिनी,

"पाठवा. मापं आहेत माझ्याकडे." एवढ्याशा चिठ्ठीला तू केवढं मोठं पाकीट वापरलंस! आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मापं कशी असतील, मी बारीक झालेय." पण लगेच उठून कंगवा शोधायला लागली, जणू दादा दारातच उभा आहे.

दादा उद्या सकाळी दहाला येतोय. हे पत्र आईच्या बॅगेत वरच ठेवते, चष्म्याच्या घराखाली. सोबत तिच्या औषधांची यादी आहे. नाव, किती, केव्हा, आणि शेवटी का. चार दिवस लागले, कारण या वेळी प्रत्येक कारण मी तिला स्वतःला विचारलं. डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यापुढे धरली, ती काय म्हणते ते ऐकलं आणि मगच लिहिलं. रक्तदाबाची गोळी ती रक्तदाबासाठी घेत नाही असं या निमित्ताने कळलं. "तू ओरडतेस म्हणून घेते," म्हणाली. मी तसंच लिहिलंय, तिसऱ्या ओळीत बघ.

शेवटच्या ओळीत त्या नारंगी गोळ्या आहेत. रोज एक, संध्याकाळी सहाच्या सुमारास. कारणाचा रकाना रिकामा आहे. मी विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सवय." सवय हे कारण मी कोणाचंच कधी मान्य केलेलं नाही. पण आता अंदाजही करणार नाही. डबी बॅगेत आहे. तुला कळलं तर कळव.

तिची खुर्ची आहे तिथेच ठेवणार आहे. मला तिची फार आठवण येईल, वहिनी. हे तिच्यासमोर म्हटलं तर ती जायची थांबेल, म्हणून तुला लिहितेय.

तुझी,
वन्सं


२ मे

वन्संबाई,

मला लिहायची सवय नाही, मी मापंच लिहिते. तरी तुम्ही पाच पत्रं लिहिलीत म्हणून एक.

आई व्यवस्थित आहेत. मापं खरंच बदललीत, छातीत दोन इंच कमी झाल्या. सहा सदरे शिवले, या वेळी डाव्या बाजूला शिवणच ठेवली नाही, कापड पाठीवरून फिरवून उजवीकडे जोडलं. म्हणजे आता सुलटे घालता येतात. तुमच्या दादांच्या शीळ घालण्यावर आई दिवसातून चारदा चिडतात, तेव्हा तब्येत सुधारतेय असं समजायचं. तुम्ही शिवलेला सदरा त्यांनी बॅगेतून आणलाय. मी बघितला. तुमचं कॉम्प्युटरचंच बरं चाललंय, ते सोडू नका.

सातही जणांचे मला फोन आले. मामांना मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, सूपसुद्धा. चार वर्षं मला राग होता. सगळा गेला असं लिहिणार नाही, पण बराच उसवलाय, राहिलेला उसवायला वेळ लागेल.

तुमच्या यादीतल्या शेवटच्या ओळीचं विचारलं. दोन दिवस त्यांनी मला टोलवलं. तिसऱ्या दिवशी बाहीचं माप घेताना आपणहून म्हणाल्या, "दिवस कलला की जास्त जळायचं, आणि ती नेमकी सहाला यायची. तोंडात काहीतरी असलं की कण्हणं बाहेर पडत नाही."

तुम्ही डबी लपवायचात ते त्यांना माहीत होतं. पुस्तकांच्या मागे, असं म्हणाल्या. लपवायला तेवढी एकच जागा होती म्हणे तुमच्याकडे.

हे मी कळवणार नव्हते. पण तुम्ही रकाना रिकामा ठेवलात, भरला नाहीत, म्हणून कळवलं.

डबी माझ्या कपाटावर आहे. इथे आल्यापासून त्यांनी एकही खाल्लेली नाही. पण सहा वाजले की अजून दाराकडे तोंड करून बसतात. कोण येणार आहे, म्हटलं तर म्हणतात, कोणी नाही, सवय.

रविवारी सहाला या. तोंड रिकामं ठेवून बसेन, म्हणाल्यात.

वहिनी